लघुपटासाठी लेन्स घेताना : थोड्या भांडवलात टिकाऊ खरेदी

सुताराला पटाशी आणि शिंप्याला कात्री जशी, तशी व्हिडिओ शूटिंग करणाऱ्याला लेन्स. हत्यार चांगले असेल तर कारागिराचा हात दिसतो आणि वाईट असेल तर मेहनत वाया जाते. आपल्याकडील अनेक तरुण फोटो स्टुडिओ, लग्नाचे शूटिंग आणि एडिटिंगच्या धंद्यात आहेत. लग्नसराईत त्यांना उसंत नसते आणि पावसाळ्यात हाताला काम नसते. अशा रिकाम्या दिवसांत लघुपटाचे काम उपयोगी पडते. शाळा, दवाखाने, दुकानदार आणि सामाजिक संस्था आता पाच-दहा मिनिटांचे चित्रपट करून मागतात. स्पर्धा आणि महोत्सव आहेत ते वेगळेच.

परंतु या कामात उतरताना बहुतेकांचे भांडवल चुकीच्या ठिकाणी अडकते. समजा, भिवंडीतील एखाद्या तरुणाने दोन हंगामांच्या कमाईतून सत्तर हजार रुपये बाजूला ठेवले. दुकानात गेल्यावर काऊंटरवरचा माणूस त्याला नवीन कॅमेरा दाखवतो. कॅमेऱ्याच्या बॉडीतच साठ हजार जातात. लेन्स म्हणून बॉक्समधून आलेली साधी किट लेन्स हाती राहते आणि ट्रायपॉड, माईक, फिल्टर यांच्यासाठी काहीच उरत नाही. मग उधारी होते, किंवा हप्त्याने आणखी सामान घेतले जाते. काम मिळण्याआधीच धंदा देणेकरी होतो. म्हणून लेन्सची खरेदी कशी करावी, हे नीट समजून घेणे जरुरीचे आहे.

बॉडी जुनी होते, लेन्स टिकते

कॅनन कंपनीचा ५डी मार्क २ हा कॅमेरा २००८ साली बाजारात आला. फोटोच्या कॅमेऱ्याने सिनेमासारखे चित्र घेता येते, हे त्याने दाखवून दिले. २०१० मध्ये 'हाऊस' या अमेरिकन टीव्ही मालिकेचा एक पूर्ण भाग त्यावर चित्रित झाला. त्या काळात हा कॅमेरा जवळ असणे मानाचे होते. आज त्याच्यापेक्षा चांगला व्हिडिओ देणाऱ्या बॉडी जुन्या बाजारात सहज मिळतात आणि त्याची किंमत फार खाली आली आहे. पण त्याच्यावर लावलेल्या लेन्सेस आजही कामाच्या आहेत. इलेक्ट्रॉनिक माल दर दोन-चार वर्षांनी मागे पडतो. काच आणि पितळ तसे मागे पडत नाहीत. १९६० आणि १९७० च्या दशकातील लेन्सेस आजच्या कॅमेऱ्यावर लावून लोक उत्तम काम करतात.

व्यापारी भाषेत सांगायचे तर बॉडी हा घसाऱ्याचा माल आहे आणि नीट निवडलेली लेन्स ही हत्यारासारखी मालमत्ता आहे. एक-दोन पिढ्या मागची बॉडी घ्यावी आणि वाचलेला पैसा लेन्समध्ये घालावा, हा पहिला नियम.

आकडे कसे वाचावेत

लेन्सवर दोन आकडे महत्त्वाचे असतात. पहिला मिलिमीटरमध्ये असतो, त्याला फोकल लेंग्थ म्हणतात. आकडा लहान असेल तर जास्त जागा फ्रेममध्ये येते, मोठा असेल तर कमी जागा येते आणि वस्तू जवळ दिसते. दुसरा आकडा म्हणजे 'एफ'. एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्सचा छेद मोठा उघडतो आणि प्रकाश जास्त आत येतो.

पहिल्या आकड्याचा हिशेब अगदी सोपा आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरची रुंदी गुणिले अंतर भागिले फोकल लेंग्थ, एवढे केले की समोर किती रुंद जागा दिसेल ते कळते. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत एपीएस-सी नावाचा सेन्सर असतो. त्याची रुंदी साधारण २३.५ मि.मी. धरावी, कॅननमध्ये थोडी कमी असते. आता दहा फूट लांबीची खोली घ्या. एका भिंतीला पाठ लावून उभे राहिलात, तर समोरच्या भिंतीचा किती भाग दिसेल ते पाहा :

५० मि.मी. लेन्सने — ४.७ फूट
३५ मि.मी. लेन्सने — ६.७ फूट
२४ मि.मी. लेन्सने — ९.८ फूट
१८ मि.मी. लेन्सने — १३ फूट

आपल्या वस्तीतील घरे, कारखाने, दुकानाचे गाळे लहान असतात. लघुपट बहुधा अशाच जागेत घडतो. तेथे ५० ची लेन्स लावली तर एक माणूसही अर्धाच दिसतो आणि दोघांचे बोलणे एका फ्रेममध्ये बसत नाही. म्हणून "५० ची लेन्स सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगली" हा सल्ला ऐकताना आपला सेन्सर कोणता ते आधी पाहावे. हा सल्ला ३६ मि.मी. रुंदीच्या फुलफ्रेम सेन्सरसाठी ठीक आहे. एपीएस-सी कॅमेऱ्यावर त्याच प्रकारचे दृश्य ३५ मि.मी. लेन्स देते.

आता एफचा हिशेब. किट लेन्स १८-५५ मि.मी. असेल, तर तिच्यावर साधारण एफ ३.५-५.६ असे लिहिलेले असते. याचा अर्थ, ५५ वर झूम केल्यावर ती ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. एफ १.८ ची लेन्स तिच्या जवळजवळ दहा पट प्रकाश आत घेते. रात्रीच्या गल्लीत, एका बल्बच्या उजेडात हा फरक डोळ्यांना दिसतो. किट लेन्सने चित्रात दाणे येतात, रंग मेलेले दिसतात.

मात्र लेन्स पूर्ण उघडली की फोकसची खोली कमी होते. ५० मि.मी. लेन्स एफ १.८ वर ठेवून सहा फुटांवरच्या माणसाचा शॉट घेतला, तर जेमतेम चार इंचांचा पट्टा स्पष्ट असतो. माणूस बोलताना थोडा पुढे झुकला तरी डोळे धूसर होतात. शिकाऊ माणसाने एफ २.८ ते ४ वर काम करावे आणि १.८ अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवावे.

झूम घ्यावी की फिक्स?

लग्नाच्या शूटिंगला झूम लागते. तेथे नवरदेव आपल्यासाठी थांबत नाही. लघुपटात मात्र दृश्य आपण ठरवतो, माणसे आपल्या सांगण्याप्रमाणे उभी राहतात आणि कॅमेरा हलवायला वेळ असतो. त्यामुळे एकाच फोकल लेंग्थची फिक्स लेन्स चालते. त्याच पैशात ती जास्त प्रकाश देते, वजनाला हलकी असते आणि तिची काच सहसा स्वस्त झूमपेक्षा स्वच्छ चित्र देते. जपानचे थोर दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांनी आपल्या उत्तरकाळातील चित्रपटांत जवळजवळ सर्व शॉट ५० मि.मी.च्या एकाच लेन्सने घेतले. लेन्सेसची पेटी भरलेली असल्याशिवाय सिनेमा होत नाही, हा समज चुकीचा आहे.

एपीएस-सी कॅमेऱ्यासाठी दोन लेन्सेस पुरेशा आहेत. एक २४ किंवा ३५ मि.मी.ची, खोलीतील दृश्ये आणि दोन माणसांच्या फ्रेमसाठी. दुसरी ५० ते ५८ मि.मी.ची, चेहऱ्याच्या जवळच्या शॉटसाठी. किट लेन्स विकू नये. विकून फारसे पैसे येत नाहीत आणि उन्हात रुंद शॉट घ्यायला १८ मि.मी. तिच्यातच मिळते.

नवीन मालात ५० मि.मी. एफ १.८ ही बहुतेक कंपन्यांची स्वस्त लेन्स असते. चिनी कंपन्यांपैकी सेव्हन आर्टिसन्स, टीटी आर्टिसन आणि मेके यांच्या हाताने फोकस करण्याच्या लेन्सेस मोठ्या कंपन्यांच्या मानाने कमी किमतीत मिळतात. त्यांत आपोआप फोकस नसतो, पण लघुपटाला त्याची तेवढी गरजही नसते.

जुन्या लेन्सेसचा बाजार

मुंबईत फोर्टातील बोरा बाजार, दिल्लीत चांदणी चौकातील कुचा चौधरी आणि कोलकात्यात मेट्रो गल्ली ही कॅमेऱ्याच्या व्यापाराची जुनी ठिकाणे. तेथे आणि मुंबईच्या चोर बाजारातही फिल्मच्या जमान्यातील लेन्सेस पाहायला मिळतात. घेणाऱ्याला माल ओळखता आला पाहिजे.

सर्वांत प्रसिद्ध नाव हेलिऑस ४४-२ चे. ५८ मि.मी., एफ २ ची ही लेन्स सोव्हिएत रशियात झेनिट कॅमेऱ्यांसाठी लाखोंच्या संख्येने बनली. जर्मनीच्या झाईस कंपनीच्या बायोटार लेन्सवरून तिची रचना घेतलेली आहे. तिच्या मागे झाडे असली, तर ती गोल फिरल्यासारखी दिसतात. काही दिग्दर्शकांना हे फार आवडते. तिच्या छेदाची एक रिंग टकटक न करता सरळ फिरते. शूटिंग चालू असताना प्रकाश कमी-जास्त करायला हे सोयीचे पडते. समोरून उजेड आला की चित्र पांढरट होते, हा तिचा दोष. पेंटॅक्सची सुपर टाकुमार ५५ मि.मी. एफ १.८ आणि निकॉनच्या १९७७ पासूनच्या एआय प्रकारातील ५० मि.मी. लेन्सेस याही भरवशाच्या आहेत.

जुनी लेन्स घेताना खरा प्रश्न माऊंटचा असतो. लेन्सच्या बैठकीपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर प्रत्येक माऊंटला ठरलेले असते. निकॉन एफला ते ४६.५ मि.मी. आहे, एम४२ आट्यांच्या माऊंटला ४५.४६ आणि कॅनन ईएफला ४४. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत ते फार कमी आहे. सोनी ई १८, निकॉन झेड १६, कॅनन आरएफ २०. नियम असा की, लेन्सचे अंतर कॅमेऱ्याच्या अंतरापेक्षा जास्त असले पाहिजे. मधली जागा अॅडॉप्टर भरून काढतो. म्हणून आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर या सगळ्या जुन्या लेन्सेस बसतात. कॅनन ईएफवर निकॉनच्या आणि एम४२ च्या बसतात. पण निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यावर एम४२ ची लेन्स साध्या अॅडॉप्टरने लावली, तर दूरचे काही स्पष्ट दिसत नाही. तो खर्च फुकट जातो.

दुसरी फसगत छेदाच्या रिंगची होते. हेलिऑस किंवा एआय लेन्सवर एफ बदलण्याची रिंग असते. कॅनन ईएफ लेन्सचा छेद विजेवर चालतो. तिला इलेक्ट्रॉनिक संपर्क नसलेला साधा अॅडॉप्टर लावला, तर एफ बदलताच येत नाही. निकॉनच्या 'जी' लेन्सवरही रिंग नसते. अॅडॉप्टर घेताना हे विचारून घ्यावे.

दुकानात तपासणी

जुनी लेन्स हातात आली की घाई करू नये. दुकानदार चांगला असेल तर तो स्वतः बॅटरी काढून देईल.

१. मोबाईलची बॅटरी लेन्सच्या मागून धरून समोरून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी आहे. कडेची थोडी बुरशी साफ होते. काचेवरचा लेप खाल्ला गेला असेल तर डाग कायम राहतो. अशी लेन्स स्वस्तातही घेऊ नये.

२. सगळीकडे दुधाळ धुके दिसले तरी सोडून द्यावी. थोडी धूळ आणि समोरच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा चित्रात सहसा दिसत नाही, पण भाव पाडायला उपयोगी पडतो. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र चित्र बिघडवू शकतो.

३. फोकसची रिंग पूर्ण फिरवून पाहावी. मध्येच अडकणे, खरखरणे किंवा अगदी सैल असणे चालणार नाही.

४. छेदाच्या पात्यांवर तेल आहे का ते पाहावे. पाती मोकळी उघडली-मिटली पाहिजेत.

५. आपला कॅमेरा सोबत न्यावा. लेन्स लावून दूरच्या इमारतीवर फोकस करावा आणि चारही कोपरे मोठे करून पाहावेत. एक बाजू स्पष्ट आणि दुसरी धूसर असेल, तर आतली काच सरकलेली आहे.

६. लेन्सचा नंबर लिहिलेली पावती घ्यावी. पावती नसलेला, फार स्वस्त आणि घाईने विकला जाणारा माल चोरीचा असण्याचा धोका असतो. तो घेणाऱ्यावरही बालंट येते.

नवीन लेन्स व्हिडिओसाठी घेताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. काही लेन्सेसमध्ये फोकसची रिंग विजेवर चालते आणि जोरात फिरवली की फोकस वेगळ्या ठिकाणी जातो. अशा रिंगवर खूण करून पुन्हा तोच फोकस मिळत नाही. तसेच फोकस बदलताना चित्र आत-बाहेर सरकते का ते पाहावे. फोटोत हे कळत नाही, पडद्यावर लगेच कळते.

लेन्सइतकेच जरुरीचे

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवले, तर हालचाल नैसर्गिक दिसते आणि ट्यूबलाईटचा लुकलुकाट टळतो. पण भर उन्हात १/५० शटरवर आयएसओ १०० असताना साधारण एफ २२ लागतो. एफ २.८ वर काम करायचे, तर प्रकाश ६४ पट कमी करावा लागतो. त्यासाठी एनडी फिल्टर हवा. तो सर्वांत मोठ्या मापाचा, म्हणजे ७७ मि.मी.चा, एकच घ्यावा आणि लहान लेन्सेससाठी स्टेप-अप रिंग वापराव्यात. प्रत्येक लेन्सचा वेगळा फिल्टर घेण्याचा खर्च वाचतो.

प्रकाशाचे काम नेहमी लेन्सवर टाकू नये. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो' (१९५६) मध्ये कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी बनारसच्या घराच्या सेटवर पांढऱ्या कापडावरून प्रकाश परतवून दिवसाचा मऊ उजेड निर्माण केला. एक पांढरी चादर आणि एक चांगला दिवा हाताशी असेल, तर किट लेन्सही बरे चित्र देते.

विकत की भाड्याने?

खालील आकडे हिशेब समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे दर विचारून घालावेत.

समजा, एक मोठी लेन्स ४५,००० रुपयांची आहे आणि तिचे भाडे दिवसाला ९०० रुपये आहे. तीन वर्षांनी ती २७,००० ला विकली गेली, तर आपला तोटा १८,००० चा. १८,००० भागिले ९०० म्हणजे २० दिवस. तीन वर्षांत २० दिवसांपेक्षा जास्त काम तिच्यावर होणार असेल, तर घ्यावी. कमी होणार असेल, तर भाड्याने आणावी. शिवाय ४५,००० रुपये तीन वर्षे अडकून पडतात, ही गोष्ट वेगळीच. याउलट ६,००० ला घेतलेली जुनी लेन्स नंतर ५,००० ला गेली, तर तोटा फक्त हजाराचा. ती विकतच घ्यावी.

आता सत्तर हजारांची वाटणी अशी करता येईल : जुनी पण चांगली बॉडी ३०,०००; दोन लेन्सेस आणि अॅडॉप्टर १८,०००; माईक ८,०००; ट्रायपॉड ६,०००; एनडी फिल्टर व रिंगा ३,०००; कार्ड आणि जादा बॅटरी ५,०००. या यादीत माईकला दिलेले पैसे कमी करू नयेत. चित्र थोडे मऊ आले तर प्रेक्षक चालवून घेतो, संवाद ऐकू आला नाही तर तो उठून जातो. जीएसटीचा नंबर असलेल्या स्टुडिओने पक्के बिल आपल्या नंबरावर घ्यावे. कर वळता करून घेता येतो का, ते आपल्या हिशेबनीसाला विचारावे.

पावसाळ्यात जतन

कोकण आणि मुंबई पट्ट्यातील दमट हवा लेन्सची वैरी आहे. चामड्याच्या खोक्यात लेन्स ठेवू नये, चामडे ओल धरते. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी. रंग बदलणारे जेल घ्यावे. रंग बदलला की ते गरम करून कोरडे करता येते. काम नसले तरी दर पंधरा दिवसांनी लेन्स काढून तिच्या रिंगा फिरवाव्यात आणि काच उजेडात पाहावी. बुरशी लागलेली लेन्स दुसऱ्या लेन्सेससोबत ठेवू नये.

हुनर आधी

मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली गावातलीच माणसे घेऊन 'मालेगाव के शोले' बनवला. यंत्रमागावर काम करणारी माणसे पुढे त्या गावच्या सिनेमाचे नट झाली. फैजा अहमद खान यांनी त्यांच्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' देशभर प्रदर्शित झाला. नासिर शेख यांच्यापाशी सुरुवातीला होता तो साधा व्हिडिओ कॅमेरा. आज त्याहून चांगले चित्र हातातला मोबाईल देतो.

तेव्हा पहिला लघुपट मित्राच्या कॅमेऱ्यावर, भाड्याच्या लेन्सवर करावा. त्यात कोणता शॉट अडला ते वहीत लिहावे आणि जो शॉट अडला त्याची लेन्स आधी घ्यावी. दुसरी लेन्स पहिल्या लेन्सच्या कमाईतून यावी. साठवलेल्या पैशाला धक्का न लावता वाढणारा धंदाच पुढच्या हंगामापर्यंत टिकतो.